वैमानिकांचे कर्तव्यकाल व प्रवास, मुंबई उपनगरांतील

विमान कंपनीच्या सेवेतील वैमानिकाने कोणत्या दिवशी, किती वाजता व कोणत्या विमानतळावर हजर व्हावयाचे, किती उड्डाणे करावयाची आणि त्यानंतर किती काळ विश्रांती घ्यावयाची, हे ठरवून देणारी व्यवस्था म्हणजे कर्तव्य-वेळापत्रक होय. व्यवहारात त्यास ‘रोस्टर’ हाच शब्द रूढ आहे. या व्यवस्थेत काळाची तीन प्रकारे मोजणी होते. विमान उड्डाणासाठी जागेवरून हलल्यापासून उतरून थांबेपर्यंतचा तो उड्डाणकाल. हजेरीच्या वेळेपासून कामातून मोकळे होईपर्यंतचा तो कर्तव्यकाल. आणि दोन कर्तव्यांमधील सक्तीचा मोकळा वेळ तो विश्रांतिकाल. वैमानिकाचे घर त्याच्या नेमणुकीच्या तळावर, म्हणजे ‘होम बेस’च्या शहरात आहे असे गृहीत धरलेले असल्यामुळे घरापासून विमानतळापर्यंतचा प्रवास कर्तव्यकालात धरला जात नाही. तो विश्रांतिकालातून वजा होतो. लहान शहरात या गोष्टीला फारसे महत्त्व नाही. तथापि मुंबईसारख्या महानगरात, जेथे विमानतळ उपनगरांच्या मध्यभागी आहे आणि उपनगरांतील अंतरे मैलांपेक्षा तासांनी मोजली जातात, तेथे या चौथ्या, न मोजलेल्या काळाचा इतिहास वैमानिकांच्या थकव्याच्या व म्हणून प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या इतिहासाचा भाग ठरतो. सेवेत नव्याने रुजू झालेल्या आणि कमी अंतराच्या प्रादेशिक मार्गांवर काम करणाऱ्या सहवैमानिकांच्या बाबतीत तो विशेष ठळकपणे दिसून येतो.

जुहूचा काळ : मुंबई उपनगरांत विमानविद्येचा आरंभ जुहू येथे झाला. १९२८ मध्ये तेथे विमानक्षेत्र सुरू झाले व त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळविलेला वैमानिकाचा परवाना हा भारतात दिला गेलेला पहिला परवाना होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ जातीचे विमान जुहू येथे उतरविले. तेथून पुढे बळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंत ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. भारतातील नियमित हवाई सेवेचा हा प्रारंभ मानला जातो.

या सेवेचे वेळापत्रक ठरविणारे घटक दोनच होते : दिवसाचा उजेड आणि पाऊस. विमानात रेडिओ नव्हता व जुहूच्या क्षेत्रावर रात्री उतरण्याची सोय नव्हती. समुद्रालगतची ती सखल जमीन पावसाळ्यात चिखलाने व पाण्याने भरून जाई. त्यामुळे विमाने, वैमानिक व यांत्रिक असा सर्व संसार पावसाळ्यापुरता पुण्याला हलवावा लागे. वैमानिकाने कामासाठी तळ बदलण्याचे महाराष्ट्रातील हे पहिले उदाहरण म्हणता येईल. १९३७ मध्ये एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया या कंपनीने मुंबई व काठियावाड यांदरम्यान सेवा सुरू केली. जलमार्गाने वा रेल्वेने दीर्घ वळसा घालून गाठावी लागणारी संस्थानी शहरे तिने मुंबईस जोडली. कमी अंतर, लहान विमान आणि एका दिवसात अनेक चढउतार ही पुढील काळातील प्रादेशिक सेवांची लक्षणे तिच्यात आढळतात.

सांताक्रूझ व रात्रीची उड्डाणे : दुसऱ्या महायुद्धात लष्करी उपयोगासाठी विकसित झालेले सांताक्रूझचे विमानक्षेत्र युद्धानंतर नागरी वाहतुकीसाठी खुले झाले आणि जुहूचे महत्त्व ओसरले. युद्धोत्तर काळात डाकोटा विमाने स्वस्तात उपलब्ध झाल्याने अनेक कंपन्या निघाल्या. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला गेले.

वेळापत्रकाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची घटना म्हणजे जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेली रात्रीची हवाई टपाल सेवा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान पहाटेपूर्वी वा पहाटेच्या सुमारास आपल्या मूळ शहरी परते. त्यामुळे एका महानगरात संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या महानगरात सकाळी मिळू लागले. या सेवेमुळे भारतात प्रथमच वैमानिकांच्या एका गटाचे काम नियमितपणे रात्रीचे झाले. सांताक्रूझला उतरून वैमानिक घरी पोहोचे, तेव्हा शहर जागे होऊन कामाला लागलेले असे व त्याला दिवसाच्या उजेडात झोप घ्यावी लागे. रात्रीच्या उड्डाणाचा खरा भार आकाशात नव्हे, तर दुसऱ्या दिवशीच्या अपुऱ्या झोपेत असतो, हे या पिढीने अनुभवाने जाणले. नियमांत मात्र त्याची दखल घेतली जाण्यास दीर्घ काळ जावा लागला.

महामंडळे व वसाहती : १९५३ च्या वायुमहामंडळ अधिनियमान्वये खाजगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत वाहतुकीसाठी आठ कंपन्यांतून इंडियन एअरलाइन्स महामंडळ निर्माण झाले व आंतरराष्ट्रीय वाहतूक एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेली. मुंबई हे दोन्ही महामंडळांचे मोठे केंद्र होते. सांताक्रूझच्या पूर्वेस कलिना येथे कर्मचारी वसाहती उभ्या राहिल्या. विलेपार्ले, सांताक्रूझ, वांद्रे व जुहू या भागांत विमान-व्यवसायातील कुटुंबांची वस्ती वाढली. रात्री-अपरात्री कामावर जाणाऱ्या वैमानिकास घरून नेण्याआणण्यासाठी महामंडळाची मोटार येत असे. वसाहत, मोटार व धावपट्टीचे सान्निध्य यांमुळे घर ते विमानतळ हे अंतर थोडक्या मिनिटांचे राहिले. नियमांत न लिहिलेला विश्रांतीचा एक हिस्सा अशा रीतीने शहराच्या रचनेनेच वैमानिकास मिळवून दिला होता.

या काळात वेळापत्रके हाताने आखली जात. सेवाज्येष्ठता हा त्यांतील मुख्य निकष होता. मोठी विमाने, परदेशी मार्ग व सोयीच्या वेळा ज्येष्ठांकडे जात. पहाटेची उड्डाणे, सणासुदीचे दिवस व ऐनवेळी बोलावले जाण्याची राखीव पाळी हे कनिष्ठांच्या वाट्यास येई. संगणकाने आखणी होऊ लागल्यानंतर पद्धत बदलली. परंतु कनिष्ठाला पसंतीचा वाव कमी, हे तत्त्व बव्हंशी टिकून राहिले. नोकरीतील पहिला तळ निवडण्याची मुभाही नवागतास सहसा नसते. याच काळात स्त्रियाही या व्यवसायात आल्या. सौदामिनी देशमुख या मराठी वैमानिकेच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये कलकत्ता–सिल्चर मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमानाचे केवळ स्त्री-कर्मचारी असलेले उड्डाण झाले. हाही एक प्रादेशिक मार्गच होता.

प्रादेशिक सेवांचा विस्तार : लहान शहरांना हवाई मार्गाने जोडण्यासाठी १९८१ मध्ये वायुदूत ही कंपनी स्थापन झाली. आरंभी ईशान्य भारतापुरते असलेले तिचे जाळे पुढे महाराष्ट्रातही पसरले. तोटा वाढल्याने १९९० नंतरच्या दशकात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. १९९४ मध्ये वायुमहामंडळ अधिनियम रद्द होऊन खाजगी कंपन्यांना नियमित वाहतुकीची पूर्ण मोकळीक मिळाली. तत्पूर्वीच ईस्ट वेस्ट (१९९२) व जेट एअरवेज (१९९३) या मुंबईस्थित कंपन्यांनी सेवा सुरू केल्या होत्या. १९९६ मध्ये कार्यान्वित झालेली अलायन्स एअर पुढे एटीआर विमानांनी प्रादेशिक मार्ग चालवू लागली. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेखाली जळगाव, नांदेड, कोल्हापूर इ. शहरे हवाई नकाशावर आली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी विमानतळाचे उद्‌घाटन होऊन मुंबईहून तेथे अलायन्स एअरची सेवा सुरू झाली.

या मार्गांच्या वेळा ठरविण्यात दोन अडचणी येतात. मुंबई विमानतळावरील दोन धावपट्ट्या परस्परांना छेदत असल्याने त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. त्यामुळे उड्डाणांसाठी मिळणाऱ्या वेळांची तेथे कायम टंचाई असते आणि लहान विमानाला सोयीची वेळ मिळणे दुरापास्त होते. दुसरीकडे, कोल्हापूर व सिंधुदुर्ग यांसारख्या विमानतळांवर प्रारंभी रात्री उतरण्याची सोय नसल्याने तेथील उड्डाणे दिवसाउजेडीच करावी लागत. एका टोकाला धावपट्टीची टंचाई व दुसऱ्या टोकाला उजेडाची मर्यादा यांच्यामध्ये वैमानिकाचा दिवस बसवावा लागतो. परिणामी पहाटेची हजेरी व एका दिवसात चार किंवा अधिक चढउतार हे प्रादेशिक सेवेचे नेहमीचे स्वरूप बनते. प्रत्येक उड्डाण व अवतरण हा कामाचा सर्वांत एकाग्रतेचा भाग असल्यामुळे उड्डाणकाल थोडा असूनही थकवा अधिक येतो. म्हणूनच अवतरणांची संख्या वाढेल तसा कमाल कर्तव्यकाल कमी करण्याचे तत्त्व नियमांत स्वीकारले गेले आहे.

नव्या वैमानिकाचा दिनक्रम : व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे इ. ठिकाणी असे प्रशिक्षण मिळते. त्यानंतर विशिष्ट जातीच्या विमानाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. या सर्वांचा खर्च मोठा असून तो पुष्कळदा कर्ज काढून केला जातो. सहवैमानिक म्हणून रुजू झाल्यावर कप्तानपदासाठी लागणारा वाहतूक-वैमानिकाचा परवाना मिळविण्यास एकूण १,५०० तासांचा अनुभव लागतो. तोपर्यंतची काही वर्षे कर्जाचे हप्ते, अभ्यास, चाचण्या व अनियमित पाळ्या यांत जातात. विमानतळालगतच्या विलेपार्ले, अंधेरी व सांताक्रूझ भागांतील घरे महाग असल्याने अनेकांना भागीदारीत भाड्याने राहावे लागते, किंवा बोरिवली, मुलुंड, ठाणे अशा दूरच्या ठिकाणच्या कुटुंबाच्या घरातून ये-जा करावी लागते.

या दिनक्रमाचे स्वरूप एका गणिताने स्पष्ट होईल. सकाळी ६ वाजताच्या उड्डाणासाठी वैमानिकाने सु. तासभर आधी, म्हणजे ५ वाजता हजर असावे लागते. बोरिवलीहून निघणाऱ्यास अडचणीची सवड धरून ४ वाजता घर सोडावे लागेल व त्यासाठी सव्वातीनला उठावे लागेल. चार उड्डाणे करून तो दुपारी २ वाजता मोकळा झाला, तर नोंदवहीत ९ तासांचा कर्तव्यकाल लागेल. प्रत्यक्षात सव्वातीनच्या सुमारास तो घरी पोहोचेल, तेव्हा त्याला जागे होऊन १२ तास झालेले असतील. आदल्या रात्री आठ तासांची झोप हवी असेल, तर त्याने सायंकाळी सव्वासातला झोपी जावयास हवे. पण मनुष्याचे शरीर त्या वेळी सहसा झोपेस तयार नसते आणि उपनगरातील दोन खोल्यांचे घरही शांत नसते. लागोपाठच्या पहाटपाळ्यांत दररोज दोन-तीन तासांची तूट साचत जाते. नोंदवहीत तिची कोठेही नोंद होत नाही.

उपनगरी वाहतूक : मुंबईची वाहतूकव्यवस्था दिवसा नोकरीवर जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी घडलेली आहे. चर्चगेट–बोरिवली मार्गाचे विद्युतीकरण १९२८ मध्ये, म्हणजे जुहूचे विमानक्षेत्र सुरू झाले त्याच वर्षी झाले. उपनगरी गाड्या मध्यरात्रीनंतर काही तास बंद असतात आणि पहाटे पाचच्या हजेरीसाठी त्यांवर विसंबता येत नाही. पश्चिम द्रुतगती महामार्ग पहाटे मोकळा असतो. तोच प्रवास सकाळी नऊला किंवा संध्याकाळी सातला कितीतरी अधिक वेळ घेतो. घाटकोपर विमानतळापासून जवळ असले, तरी पूर्व व पश्चिम उपनगरांना जोडणारे रस्ते थोडे असल्याने तेथून व मुलुंडहून होणारा प्रवास दीर्घकाळ जिकिरीचा राहिला. अंधेरी-कुर्ला रस्ता व जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता यांवरच मुख्य भिस्त होती. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोने हे अंतर प्रथमच निश्चित वेळेचे केले. पुढे गुंदवली–दहिसर मेट्रो (२०२२-२३) व दोन्ही विमानतळ-इमारतींना जोडणारी आरे–कफ परेड भुयारी मेट्रो (२०२४-२५) यांची भर पडली. तथापि मेट्रोही रात्री बंद असते. त्यामुळे ज्या वेळी वैमानिक सर्वांत थकलेला असतो, नेमक्या त्याच वेळी सार्वजनिक वाहन उपलब्ध नसते. मग कंपनीची मोटार किंवा स्वतःचे वाहन हाच पर्याय उरतो. पावसाळ्यात तर कोणतेच गणित खात्रीचे राहत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली, तेव्हा रस्ते, रेल्वे व विमानतळ ही तिन्ही ठप्प झाली होती.

थकवा व नियमन : वैमानिकाने सलग ३० दिवसांत १२५ तासांहून अधिक उड्डाण करू नये, अशी मर्यादा १९३७ च्या विमान नियमांत समाविष्ट करण्यात आली होती. १९९२ च्या परिपत्रकाने कर्तव्यकाल व विश्रांती यांची अधिक तपशीलवार व्यवस्था लावली. जुलै २००७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अधिक कडक नियम जाहीर केले. परंतु मे २००८ मध्ये ते स्थगित होऊन १९९२ ची व्यवस्था पुन्हा लागू झाली. याविरुद्ध वैमानिक संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. तेथे याचिका फेटाळली गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३ मे २०११ रोजी तेथेही अपील नामंजूर झाले.

दरम्यान दोन अपघातांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळून ५० जण मृत्यू पावले. त्यातील सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या पश्चिम टोकावरील सिॲटलहून रात्रभर विमानप्रवास करून पूर्वेकडील न्यूअर्क या आपल्या तळावर पोहोचली होती. अल्प वेतनाचे नवे वैमानिक तळाच्या शहरी घर घेऊ शकत नाहीत व दूरवरून येऊन कर्मचाऱ्यांच्या खोलीत विसावतात, ही गोष्ट त्या चौकशीत उघड झाली. अमेरिकेने त्यानंतर विश्रांतीचे नियम नव्याने केले व ते २०१४ पासून अंमलात आले. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्री निघालेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूर येथे धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले व १५८ जण मरण पावले. कप्तान उड्डाणातील दीड तासाहून अधिक काळ झोपी गेला होता, असे ध्वनिमुद्रणावरून चौकशीत निष्पन्न झाले. रात्री २ ते सकाळी ६ या काळात शरीराचे जैविक घड्याळ सावधपणाच्या नीचतम पातळीवर असते, हे वैद्यकीय सत्य या अपघाताने भारतीय वाचकांसमोर आले.

ऑगस्ट २०११ मध्ये भारतात नवे नियम आले. आधीच्या कर्तव्यकालाइतकी किंवा १२ तास, यांपैकी जी अधिक असेल तेवढी विश्रांती आणि आठवड्यातून ३६ तासांची सलग सुटी त्यांनी ठरवून दिली. जानेवारी २०२४ मध्ये हे नियम आणखी सुधारण्यात आले : साप्ताहिक विश्रांती ४८ तासांची झाली, रात्रीची व्याख्या ५ ऐवजी ६ वाजेपर्यंत वाढविण्यात आली व रात्रपाळीतील अवतरणांची मर्यादा ६ वरून २ वर आणली गेली. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. दिल्ली उच्च न्यायालयातील कार्यवाहीनंतर ती १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत झाली. डिसेंबर २०२५ च्या आरंभी पुरेसे वैमानिक व तदनुरूप वेळापत्रक नसल्याने इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या कंपनीला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. मुंबईसह सर्व मोठ्या विमानतळांवर प्रवाशांचे अतोनात हाल झाले आणि कंपनीस रात्रपाळीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट देण्यात आली. विश्रांती ही वेळापत्रकातील उरलीसुरली जागा नसून तिच्यासाठी मनुष्यबळ आधीच राखून ठेवावे लागते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

बदलती परिस्थिती : एअर इंडियाचे २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे हस्तांतरण झाल्यानंतर कलिना येथील वसाहती कर्मचाऱ्यांना सोडाव्या लागल्या. धावपट्टीच्या कुंपणालगत राहणाऱ्या विमान-कर्मचाऱ्यांच्या वस्तीचे पर्व त्याबरोबर संपले. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. एकाच महानगरात दोन विमानतळ झाल्याने मुलुंड व घाटकोपरच्या रहिवाशास दोहोंपैकी कोठेही हजर होणे शक्य असले, तरी बोरिवली वा अंधेरीच्या रहिवाशास नव्या विमानतळावरील पहाटेची हजेरी म्हणजे खाडीपलीकडचा मोठा प्रवास आहे. अशा महानगरात ‘तळ’ म्हणजे नेमके कोणते ठिकाण, हा प्रश्न आता केवळ सोयीचा राहिलेला नाही.

जुहूच्या काळात वेळापत्रक ऊन-पावसावर बेतले जाई, महामंडळांच्या काळात सेवाज्येष्ठतेवर आणि पुढे धावपट्टीवरील मोकळ्या वेळांवर. वैमानिकाची झोप हा त्याचा पाया असावा, ही कल्पना सर्वांत शेवटी आली व ती स्वीकारण्यास न्यायालये, चौकशी-अहवाल आणि अपघात यांची गरज पडली. नव्या नियमांनी विश्रांतीचे तास वाढविले आहेत. मात्र त्यांतील किती तास प्रत्यक्ष झोपेचे ठरतात, हे आजही वैमानिक कोणत्या उपनगरात राहतो व त्याला रात्री घरी कोण पोहोचविते, यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.